शरणपूर नावाचं गाव नेमकं कुठे आहे? (नाशिक, आजीचा दाखला आणि एक चर्च)

ओसरी
नमस्कार. हा धागा कुठल्या विभागात टाकावा ते कळेना, म्हणून 'आपलं गाव'मध्ये टाकतेय. संपादक, चुकलं असेल तर हलवा.

आईच्या आईचा बाप्तिस्म्याचा दाखला सापडलाय. आईच्या लग्नातली पैठणी ऊन दाखवायला काढली आणि घडीतून तो माझ्या पायावर पडला. पोस्टकार्डाहून थोडा मोठा कागद, मधोमध घडीवर फाटलेला. नंतर कधीतरी कुणीतरी त्यावर चिकटपट्टी लावलीय, ती आता चहासारखी तांबडी झालीय. वर्ष १९३८. आजीचं नाव, पणजोबा-पणजीची नावं, ठिकाण 'शरणपूर, नासिक'. चर्चचं नाव जिथे असायला हवं तिथेच नेमकी ती चिकटपट्टी.

आईने आंतरधर्मीय लग्न केलं, त्यामुळे मी वाढले गणपती-गौरींच्या घरात. आजोळच्या या बाजूबद्दल नाताळातल्या करंज्यांपलीकडे फारसं ठाऊक नाही, आणि विचारायला आता कुणी उरलं नाही.

हा कागद लागतोय वारसाच्या एका कामासाठी. एका कार्यालयात गेले तर खिडकीवरचे साहेब म्हणाले, "शरणपूर गाव यादीत येत नाहीये. तालुका कुठला?" मी म्हटलं, अहो, शरणपूर रोड इथून दहा मिनिटांवर आहे. "तो रोड झाला मॅडम. गाव सांगा." फोनवर शोधायला गेले तर नकाशाने थेट उत्तर प्रदेशातलं सहारनपूर काढून दिलं.

तर प्रश्न असा: शरणपूर हे कधी गाव होतं का? आणि १९३८ साली तिथलं चर्च म्हणजे आजचं कुठलं?

मिसळ_तर्री_जास्त
रुमाल टाकून ठेवतो. पंचवीस वर्षं त्या रस्त्याने जातोय, 'शरणपूर'चा अर्थ काय असेल हा विचार एकदाही डोक्यात आला नाही. लाज वाटली थोडी.

देवळाली_लाईन्स
ताई, नाशिकमध्ये 'चर्च' म्हटलं की दहातली आठ माणसं तुम्हाला नाशिकरोडच्या बाळ येशूला पाठवतील. फेब्रुवारीत यात्रा भरते, कुठून कुठून लोक येतात, पुणे हायवेला वाहतूक वळवतात. पण तुमच्या आजीचा दाखला तिथला नसणार. ते कॅथलिक, आणि शरणपूरपासून नऊ-दहा किलोमीटर लांब. त्र्यंबक रोडच्या बाजूचं होली क्रॉस, तेही कॅथलिक. नाशिकरोडचं संत अण्णा कॅथेड्रल पण कॅथलिकच, बिशपांचं मुख्य देऊळ.

शरणपूर रोडवरचं ते संत आंद्रिया. काही जण सेंट अँड्र्यूज म्हणतात. ते प्रोटेस्टंट, सीएनआयचं. पैज लावतो, तुमचं तेच.

ओसरी
सीएनआय म्हणजे? दाखल्यावर तर 'चर्च ऑफ...' एवढं वाचता येतं आणि पुढे चिकटपट्टी.

तारा_कंदील
चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. पण १९३८ मध्ये सीएनआय नव्हतं, त्यामुळे चिकटपट्टीखाली ते शब्द नसणार. सीएनआय झालं २९ नोव्हेंबर १९७० ला, नागपूरला. अँग्लिकन आणि इतर पाच पंथांच्या मंडळ्या एकत्र आल्या. तोवर आमच्याकडे अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचा पंथ. माझी सासू अजूनही 'चर्च मिशनवाले' म्हणते, कारण चर्च मिशनरी सोसायटीने इथलं काम सुरू केलं होतं. नगरचे ते 'अमेरिकन मिशनवाले'. सोयरीक जुळवताना हा फरक पूर्वी बारकाईने बघायचे, आता मुलगा कुठल्या कंपनीत आहे तेवढं बघतात.

मी त्याच संत आंद्रिया चर्चच्या मंडळीतली आहे. या रविवारी उपासनेनंतर विचारते. बाप्तिस्मा, विवाह, दफन अशी वेगवेगळी रजिस्टरं असतात. तुम्हाला पास्टोरेटकडे, म्हणजे चर्चच्या कारभाराकडे, अर्ज द्यावा लागेल, आजीचं नाव, आईवडिलांची नावं आणि वर्ष लिहून. वर्ष माहीत आहे म्हणजे अर्धं काम झालं. लोक येतात आणि म्हणतात, "आजोबा लढाईच्या सुमाराला जन्मले." कुठली लढाई, बाबा?

गोदाकाठचा_वाटसरू
धागा वाचून राहवलं नाही. जरा लांबण लागेल.

ओसरी, खिडकीवरच्या साहेबांना सांगा की गाव होतं. 'शरण' आणि 'पूर', आश्रयाला आलेल्यांचं गाव. नाव मुद्दाम ठेवलेलं आहे.

चर्च मिशनरी सोसायटीने नाशकात काम सुरू केलं १८३२ मध्ये. म्हणजे पेशवाई बुडून पुरती पंधरा वर्षंही झालेली नव्हती. क्षेत्राच्या ठिकाणी, रामकुंडापासून हाकेच्या अंतरावर हे लोक शाळा काढत होते आणि गावकरी त्यांच्याकडे कशा नजरेने बघत असतील ते तुम्हीच ओळखा. कुणी ख्रिस्ती झाला की घर सुटायचं, विहीर सुटायची, हाताला काम मिळायचं नाही. म्हणून १८५४-५५ च्या सुमाराला विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्याने जुन्या गावाच्या पश्चिमेला, तेव्हाच्या मोकळ्या रानात, एक वेगळी वस्तीच वसवली. घरं, अनाथ मुलांसाठी आश्रम, शाळा आणि कामं शिकवायचे कारखाने. सुतारकाम, लोहारकाम असले धंदे. तेच शरणपूर. पुढे शहर वाढत वाढत तिथवर आलं, वस्ती त्याच्या पोटात गेली आणि नाव रस्त्यापुरतं उरलं. सीबीएसकडून राजीव गांधी भवन करत कॅनडा कॉर्नरला जाताना आपण त्या वस्तीच्याच वाटेवर असतो, सिग्नलला शिव्या देत.

आता यातला सगळ्यात विलक्षण भाग. शरणपूरला आश्रयाला आलेले सगळे मराठी नव्हते. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून अरबी गलबतांत भरून गुलाम विकायला नेत असत. इंग्रजांच्या आरमाराने ती गलबतं पकडली की माणसं मुंबई बंदरात उतरवायचे. त्यात लहान मुलं बरीच असत, ज्यांना आपलं गाव कुठलं तेही धड सांगता येत नव्हतं. अशी कित्येक मुलं शरणपूरला आणली गेली. आफ्रिकन असायलम म्हणत त्याला. सुतारकाम, लोहारकाम, लिहिणं-वाचणं शिकून ती इथे मोठी झाली. इतिहासात त्यांचं नाव आहे 'नासिक बॉईज'. होय, आपलं नाशिक.

डेव्हिड लिव्हिंगस्टन, तो नाईलचा उगम शोधणारा, जानेवारी १८६६ मध्ये मुंबईहून शेवटच्या मोहिमेला निघाला तेव्हा त्याच्याबरोबर शरणपूरची नऊ मुलं होती. त्यांची नावं वाचा: सायमन प्राइस, रिचर्ड आयझेनबर्ग, जेम्स रटन. प्राइस आणि आयझेनबर्ग ही मिशनऱ्यांची आडनावं. मुलाच्या आईने ठेवलेलं नाव होतं ते गेलंच.

काही जण वाटेत गळाले. पण एडवर्ड गार्डनर आणि मबरुकी (मिशनच्या वहीत नथानिएल कुंबा) शेवटपर्यंत टिकले. १८७२ मध्ये मागाहून जी कुमक पाठवली तिच्यात आणखी नाशिकवाले होते. त्यातला एक जेकब वेनराइट. मे १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी वारला. साहेब मेला म्हटल्यावर ही माणसं आपापल्या वाटेने जाऊ शकत होती. त्यांनी काळीज काढून तिथेच झाडाखाली पुरलं. जेकबने प्रार्थना वाचली, झाडाच्या बुंध्यावर नाव आणि तारीख कोरली. देह वाळवला, कापडात आणि सालीत गुंडाळला आणि दीड हजार किलोमीटरहून जास्त चालत किनाऱ्याला आणला. फेब्रुवारी १८७४ ला पोचले. १८ एप्रिल १८७४ ला लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं तेव्हा शवपेटी धरणाऱ्यांत जेकब वेनराइट होता. झाडाचा तो कोरलेला तुकडा लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीकडे आहे.

शरणपुरात पाटीवर अक्षरं गिरवलेल्या मुलाने ती कोरलीत. मी कधीतरी कॅनडा कॉर्नरला चहा पीत उभा असलो की मला हे आठवतं आणि शेजारच्याला सांगावंसं वाटतं. सांगितलंय एकदोनदा. लोक सरकून उभे राहतात.

मिसळ_तर्री_जास्त
च्यायला. सरकणार नाही, पुढे सांगा.

इतिहासप्रेमी९९
छान माहिती. भर घालतो. सुसी आणि चुमा हे लिव्हिंगस्टनचे दोन सेवक, तेही नाशिकच्याच आश्रमातले. आणि मी तर ऐकलंय की ते काळीज इथे आणून शरणपूरच्या चर्चच्या आवारात पुरलंय.

गोदाकाठचा_वाटसरू
दोन्ही चूक, राग मानू नका. काळीज चितांबोलाच आहे, तिथे स्मारकही आहे. सुसी नाशकात शिकलेला नव्हता. तो झांबेझीकाठचा, लिव्हिंगस्टनच्या बोटीवरचा माणूस. १८६४ मध्ये लिव्हिंगस्टनने 'लेडी न्यासा' ही छोटी आगबोट स्वतः हाकत झांजिबारहून मुंबईला आणली (आणि पुढे विकून टाकली), तेव्हा सुसी आणि चुमा तिच्यावरून आले. चुमाला मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवलं. विल्सन स्कॉटिश मिशनचे. ही दोन नावं गाजली आणि नाशिकची मुलं मागे पडली, म्हणून सगळ्यांना एकाच पोत्यात घालतात.

इतिहासप्रेमी९९
ओके. माझ्या काकांनी सांगितलं होतं. काकांना कळवतो.

रोखठोक
गोड गोड चाललंय सगळं, पण मूळ मुद्दा कुणी बोलत नाही. अनाथ पोरांना आसरा द्यायचा आणि बदल्यात धर्म घ्यायचा. 'शरण' म्हणजे शरण आणलेले. यात अभिमान कसला?

तारा_कंदील
रोखठोक, तुम्ही प्रश्न विचारलात ते बरं, पण इथे कुणाच्या तरी आजीचा विषय चाललाय हे लक्षात ठेवा. माझ्या सासरचे पूर्वज १८९० च्या आगेमागे ख्रिस्ती झाले. कुणी हात पिरगळला असं घरात कुणी सांगत नाही, कुणी गव्हाची पोती दिली असंही नाही. पणजेसासऱ्यांना शाळेत बाहेर बसवायचे आणि इथे बाकावर बसवलं, एवढंच सांगतात. तेवढं पुरे झालं असावं.

गोदाकाठचा_वाटसरू
रोखठोकचा मुद्दा अगदीच वाऱ्यावर सोडू नये असं मला वाटतं. मिशन आलं होतं धर्मप्रसारालाच, त्यांनी ते लपवलंही नाही. आणि त्या मुलांना 'तुला काय व्हायचंय' असं कुणी विचारलं असेल असं समजू नका. मॅथ्यू वेलिंग्टन म्हणून एक नासिक बॉय होता, त्याचं मूळ नाव चेंगविंबे. तो मोंबासात १९३५ पर्यंत जगला, लिव्हिंगस्टनचा देह आणणाऱ्यांतला शेवटचा. जन्मभर इंग्रज सरदाराचं आडनाव लावून. पण बाजारात विकला गेला असता तर तेवढंही नाव उरलं नसतं. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत, त्याला माझा इलाज नाही.

आणखी एक. ही मुलं नाशकातच राहिली का? बहुतेक नाही. १८७३ मध्ये मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रियर झांजिबारला गेले, तिथला गुलामांचा बाजार बंद झाला. मग सुटलेल्यांसाठी आफ्रिकेतच वस्ती हवी असं ठरलं. आणि ती वसवायला कुणाला पाठवलं? शरणपूर वसवणाऱ्या प्राइसलाच. १८७४ मध्ये तो मोंबासाला गेला. नाशिकचे आफ्रिकन गडी हे तिथले पहिले शिक्षक, सुतार, दुभाषे. विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर हे दोघे पुढे १८८५ मध्ये पाळक झाले. त्या वस्तीचं नाव फ्रियरटाऊन. तिथल्या घंटेवरून आजही मोंबासात त्या भागाला केंगेलेनी म्हणतात, स्वाहिलीत केंगेले म्हणजे घंटा. म्हणजे शरणपूरचं एक धाकटं भावंड केनियात आहे.

संपादक
रोखठोक, तारा_कंदील: चर्चा सभ्य आहे, तशीच ठेवा. धर्मांतरावर स्वतंत्र धागा काढायचा असेल तर काढा, इथे आजीचा दाखला शोधू.

देवळाली_लाईन्स
अवांतर: लक्ष्मीबाई टिळकही याच परिसरातल्या ना? जलालपूरच्या, गंगापूरच्या बाजूच्या. माहेरच्या गोखले.

तारा_कंदील
हो. आणि शेवटची वर्षंही नाशकातच, १९३६ मध्ये इथेच गेल्या. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा मात्र १८९५ चा, मुंबईतला. बाई त्यानंतर पाचेक वर्षांनी ख्रिस्ती झाल्या, तोवर सोवळं सांभाळून भांडत होत्या. ओसरी, तुमच्या आजीचा बाप्तिस्मा १९३८ चा, म्हणजे दोनच वर्षांचा फरक. तुमच्या पणजीने त्यांना पाहिलं असण्याची शक्यता किती मोठी आहे बघा.

ओसरी
हे वाचून अंगावर काटा आला. रात्रीचे साडेबारा वाजलेत आणि मी पणजीच्या नावावरून बोट फिरवत बसलेय.

एक शंका: दाखल्यावर खाली गोल शिक्का आहे, त्यात 'बिशप' आणि 'नासिक' एवढं कळतं. नाशिकला त्या काळी बिशप होते?

देवळाली_लाईन्स
१९८७ ला झाले ना. थॉमस भालेराव, पहिले बिशप.

तारा_कंदील
तोच घोटाळा होतो नेहमी. ते कॅथलिक धर्मप्रांताचे. कॅथलिक नाशिक १९८७ मध्ये पुण्यातून वेगळं झालं. अँग्लिकनांचं नाशिक त्याच्या कितीतरी आधी, १९२९ मध्ये मुंबईतून वेगळं निघालं. पहिले बिशप फिलिप लॉइड, १९४४ पर्यंत इथेच होते. म्हणजे तुमच्या शिक्क्यातले बिशप हेच. कॅथलिक चर्चांत कितीही फेऱ्या मारल्या असत्या तरी हा कागद सापडला नसता. तुमच्या घडीत नाव गेलं, पण शिक्का राहिला, हे नशीब.

मुक्काम_सातपूर
माझ्या मित्राने असंच आजोबांचं लंडनहून मागवलं होतं. तिकडे मुंबई इलाख्यातले बाप्तिस्म्याचे उतारे ठेवलेत म्हणे ब्रिटिश लायब्ररीत.

तारा_कंदील
आहेत, पण त्यात मुख्यतः युरोपियन आणि अँग्लो-इंडियन. मराठी मंडळींचं मूळ रजिस्टर इथलं इथेच. परदेशी पैसे भरायच्या आधी शरणपूर रोडला चक्कर मारा, रिक्षाचे पैसे लागतील फक्त.

ओसरी
(दहा दिवसांनी) सांगायला उशीर झाला, घरी पाहुणे होते.

गेले होते. रविवारी उपासना संपता संपता पोचले. बाहेर चपलांपेक्षा स्कुटी जास्त. तारा_कंदील भेटल्या, नाव विचारायच्या आधी त्यांनी हातात खारी आणि चहा दिला. अर्ज आधी दिलेलाच होता. मंडळीतले एक वयस्कर काका सोबत बसले. मोठं आडवं रजिस्टर, पुठ्ठ्याची कड उंदराने खाल्ल्यासारखी. पानं उलटताना ते अंगठ्याला थुंकी लावत नव्हते, रुमालाने कोपरा धरत होते. तेवढ्यावरून माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

१९३८ ची पानं तीनच. आजी दुसऱ्या पानावर. आम्ही आधी तिच्यावरून पुढे गेलो, कारण मी शोधत होते 'सगुणा' आणि लिहिलं होतं 'सगुणाबाई मार्था'. मार्था! आईलासुद्धा हे नाव माहीत नव्हतं. तिला फोन केला तर आधी गप्प, मग म्हणाली, "म्हणून बाबा तिला चिडले की मारथे म्हणायचे. मला वाटायचं शिवी आहे."

ओळीत पुढे रकाने. आईबापांची नावं. राहण्याचं ठिकाण: शरणपूर. धंदा: सुतार.

आमच्या माळ्यावर एक रंधा आहे. आईने आजोळहून आणलेला, पातं केव्हाच गेलं, लाकूड मुठीपाशी काळंभोर झिजलेलं. मी लहानपणी त्याला बोट करून बादलीत सोडायचे. वाटसरूंनी वर लिहिलंय की तिथे सुतारकाम शिकवायचे. पणजोबा तिथेच शिकले असं मी म्हणत नाही, ऐंशी वर्षांचं अंतर आहे. पण कुणीतरी कुणाला तरी शिकवलं असेलच.

गोदाकाठचा_वाटसरू
रंध्याचा फोटो टाका. कडेला किंवा खाली काही खूण, अक्षर असेल तर नीट बघा. जुने सुतार हत्यारावर खूण करायचे, कारखान्यात एकमेकांची हत्यारं बदलू नयेत म्हणून.

ओसरी
बघितलं. एका बाजूला तीन उभ्या रेघा आणि एक आडवी. अक्षर नाही. फोटो उद्या टाकते, आत्ता माळ्यावर जायला नवरा शिडी धरायला तयार नाही.

रोखठोक
मार्थाचं वाचून बरं वाटलं. माझ्या आजीचंही लग्नानंतर नाव बदललं होतं, मूळचं कुणालाच माहीत नाही. कुठल्या रजिस्टरातही नाही.

मिसळ_तर्री_जास्त
पण ताई, मूळ काम झालं का? त्या खिडकीवर?

ओसरी
झालं म्हणायचं. रजिस्टरचा सही-शिक्क्याचा उतारा घेऊन गेले. तेच साहेब. सगळं दोनदा वाचलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, "असं करा, गावाच्या जागी नाशिक लिहा, आणि शरणपूर कंसात. कंस चालतो."